दोन की बावीस

गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर काकांच्या ध्यानात आलं, की घर कोणाचं म्हणून विचारायचं हेच आपल्याला माहीत नाही.

फोरमनचा फोन सकाळी आला होता. पुन्हाताई गेली म्हणे. बरेच दिवस आजारी होती, कोणाला कळवलंच नव्हतं. फोरमननं गल्ली सांगितली, पाण्याच्या टाकीची खूण सांगितली, आणि काका इस्त्रीचा सदरा घालून निघाले. टाकी सापडली, गल्लीही सापडली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "कोणाकडे जायचंय?" आणि काकांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पुन्हाताई हे काही नाव नव्हे, ते बस आगारातल्या टवाळांनी ठेवलेलं. खरं नाव काकांनी कधीतरी एखाद्या कागदावर वाचलं असेल, पण ते तोंडात कधी बसलं नाही. लग्न झालेलं की नाही, घरात कोण आहे, आईवडील आहेत की गेले, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"ती कॉम्प्युटरवर काम करायची," काका म्हणाले.

"आजोबा, आता कॉम्प्युटरवर काम कोण करत नाही? माझी सूनही करते," शिंपी म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, पण काकांना ते लागलं.

फोरमनला परत फोन लावून नाव विचारता आलं असतं. पण जिच्याबरोबर महिनेच्या महिने काम केलं तिचं नाव तिसऱ्याला विचारायचं, या विचारानंच ते कानकोंडे झाले. आले तसे परत फिरले. घरी काकूंनी विचारलं, "भेटलं का कोणी?" तर म्हणाले, "गर्दी होती."

तेव्हा तिच्याविषयी इथे जे सांगायचं, ते एवढ्याशा ओळखीच्या जोरावर. भांडाराच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच.

आगारात बसच्या सुट्या भागांचं भांडार होतं आणि काका त्या भांडारावर होते. लांबोळकी खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, ग्रीसचा नि रबराचा वास, आणि पुढे गजांची खिडकी. मेकॅनिक खिडकीशी यायचे, हवा तो भाग सांगायचे, काका आत जाऊन आणून द्यायचे. अशी हयात गेली. नोकरीची शेवटची थोडी वर्षं उरली असताना भांडारात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यामागून तो शिकवायला ती आली.

तिशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. खुर्चीत बसली की आधी टेबलाखाली चपला काढायची आणि पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवायची. प्रोग्राम तिनंच लिहिलेला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एक दाबलं की माल आला, दोन दाबलं की माल दिला, तीन म्हणजे शिल्लक पाहा, चार म्हणजे बाहेर. खाली 'पर्याय द्या' असं लिहिलेलं आणि त्याच्यापुढे एक चौकोन लुकलुकत राहायचा. आकडा दाबायचा, मग एंटर दाबायचं. बस्स.

भलतंच काही दाबलं तर यंत्र टीं करून ओरडायचं आणि पडद्यावर यायचं, 'चुकीचा पर्याय. पुन्हा प्रयत्न करा.' तीनदा चुकलं की कुलूप. मग पटांगणापलीकडच्या कचेरीतून तिनंच यायचं आणि परवलीचा शब्द घालून ते उघडायचं. त्या 'पुन्हा'वरूनच आगारानं तिला पुन्हाताई करून टाकलं. लंबू नावाचा एक मेकॅनिक होता, उंचीला ताडमाड आणि जिभेला त्याहून लांब. हे बारसं त्याचंच. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. पुन्हा म्हणणारं कोणीतरी असावं लागतं."

काकांच्या हाताचं दुखणं त्याच्या थोडं आधीचं. उजवा हात थरथरायचा. हात मांडीवर पडलेला असला की स्वस्थ असायचा, पण काही नेमकं करायला गेलं की बोटाला आपलंच काही सुचायचं. दाढी करताना गालावर दोन रेघा उमटायच्या. काकू म्हणायच्या, "वय झालंय, कबूल करा, डॉक्टरला दाखवा." काका म्हणायचे, "ब्लेड बोथट आहे."

डॉक्टरपेक्षा त्यांना खुर्चीचं भय होतं. आगाराच्या फाटकापाशी एक खुर्ची असायची. ज्याच्यानं काम होत नाही आणि ज्याला घरीही पाठवता येत नाही, अशा माणसाला साहेब तिच्यावर बसवायचे. काकांच्या आधीचा भांडारवाला नजर गेल्यावर त्या खुर्चीवर आला आणि येणाऱ्याजाणाऱ्या बसना हात करत राहिला. ड्रायव्हर त्याला हॉर्न वाजवून दाखवायचे. प्रेमानंच वाजवायचे म्हणे. काकांनी ते रोज पाहिलं होतं. आपल्याला कोणी असा हॉर्न वाजवावा त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण यंत्राला मूठ चालत नाही, बोट लागतं. दोन दाबायला जावं तर बोट दोनदा आपटायचं आणि पडद्यावर बावीस. मेनूत बावीस कुठून असणार? टीं. पुन्हा दोन, तर शेजारच्या तीनला धक्का आणि तेवीस. टीं. तिसऱ्यांदा कपाळावर घाम, आणि कुलूप.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा खिडकीत मेकॅनिकांची रांग होती. ती पटांगण ओलांडून आली, वाकून परवलीचा शब्द घातला आणि सरळ होताना हसत म्हणाली, "काका, आकडे चारच आहेत हो."

रांग हसली. तिनं काही वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, असतात बोलण्यात काही माणसं मोकळी. पण काकांना वाटलं, मांडणीच्या मागे जाऊन बसावं आणि सुट्टी होईपर्यंत बाहेरच येऊ नये. "कीबोर्ड अडकतोय," ते म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," लंबू मागून पुटपुटला, पण पुटपुटणंही त्याचं अख्ख्या आगाराला ऐकू जायचं.

तिनं हसता हसता वळून काकांकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. काकांनी हात टेबलाखाली घेतला होता. तिनं तो पाहिला की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "कीबोर्ड बदलून देते." आणि खरंच दिला. नवाही अडकला. त्याच्यानंतरचाही.

काका पेन्सिलीच्या खोडरबरानं आकडे दाबून पाहू लागले. डावा हात वापरून पाहिला. खिडकी रिकामी असताना सगळ्या नोंदी उरकायच्या, असंही करून पाहिलं. आणि या सगळ्याचा राग ते चहावर काढायचे. फोरमन दुपारी केटलीतून सगळ्यांना कपात चहा ओतायचा, पण काकांच्या कपात अर्धाच. "आमच्या वाट्याला आलं की केटली आटते," काका म्हणायचे. फोरमन नुसता हसायचा. लंबू म्हणायचा, "काका, तुम्ही गोड माणूस, तुम्हाला कशाला जास्त?" त्या अर्ध्या कपावरून काकांनी माणसं किती कद्रू असतात यावर बरंच काही ऐकवलं होतं. घरीही, आगारातही.

मग एके दिवशी ती स्टूल घेऊन भांडारात आली. "थोडे दिवस इथंच बसते. मला बघायचंय," म्हणाली.

"काय बघायचंय?"

"प्रोग्राम कुठे चुकतो ते."

प्रोग्राम चालतो का ते पाहायला लोक तो नीट चालवून बघतात. तिचं उलटं होतं. ती आधी चुकून बघायची. आकड्याच्या जागी अक्षर द्यायची, काहीच न देता एंटर मारायची, कोपर टेकवायची, पाण्याची बाटली कीबोर्डवर आडवी ठेवायची. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला आत बोलवायची. "काहीही दाबा. फक्त नीट दाबू नका."

लंबूनं आकड्यांच्या जागी स्वतःचं टोपणनाव टाइप केलं. पडद्यावर आलं, 'पुन्हा प्रयत्न करा.'

"बघा," लंबू म्हणाला, "माझ्या बायकोचंही हेच म्हणणं आहे."

ती खळखळून हसली. एकानं ग्रीसनं भरलेला अंगठा टेकवला तर एकदम तीन बटणं दबली. त्यावर ती खूश. "असं हवं. असं कोणी केलं नसतं तर मला कळलं नसतं." त्या दोन-चार दिवसांत भांडारात जत्रा भरावी तशी माणसं जमली, आणि चुकण्यासाठी ओळ लागली. काका सगळ्यात मागे मांडणीला टेकून उभे होते.

"काका, तुम्ही?" तिनं विचारलं.

"मला चुकता येत नाही," काका म्हणाले. त्यांना वाटलं हे विनोदासारखं निघेल. निघालं नाही.

माणसं पांगल्यावर ती टेबलाखाली चपला चाचपत म्हणाली, "काका, त्या दिवशी रांगेसमोर मी जे बोलले ना..."

"कुठल्या दिवशी? मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"मला नाही," काका म्हणाले आणि नटबोल्टचा डबा उगाचच एका खणातून दुसऱ्या खणात ठेवू लागले. डबा हातात खुळखुळत होता. नटबोल्टच ते, खुळखुळणारच. ती डब्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मेनू बदलला. तेच बटण लगेच दोनदा दबलं तर यंत्र एकदाच धरू लागलं. तीन चुकांचं कुलूप गेलं. टीं गेली. 'चुकीचा' हा शब्दही गेला, त्या जागी आलं, 'एक ते चार यांतला एक आकडा द्या.' लंबूला वाईट वाटलं. "आता पुन्हाताई नुसती ताई झाली," म्हणाला. पण नाव काही सुटलं नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. दोन दाबून माल दिल्यावर यंत्र विचारायचं, किती दिले? तिथे तिनं काही बदललं नव्हतं.

"इथं मला दुसऱ्यांदा दबलेलं बटण गाळता येत नाही," ती म्हणाली. "कोणी खरोखरच बावीस नेले तर? मेनूत नसलेलं मी ओळखते, काका. मेनूत बावीस नाही, म्हणून मला कळतं. पण बावीस नटबोल्ट असू शकतात. बरोबर दिसणारी चूक मला ओळखता येत नाही. ती तुम्हीच सांगायची. मी असं करू का? संख्या दिली की पुन्हा विचारते, एवढे दिले, बरोबर?"

काकांना तो प्रश्न पडद्यावर दिसला. रांगेसमोर, दर वेळी, बरोबर का, बरोबर का.

"नको," ते म्हणाले. "माल मी मोजून देतो. सारखं बरोबर का म्हणून विचारायला मी काय शाळेत आहे?"

"नक्की नको?"

"नक्की."

तिनं आणखी एकदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांच्या माहितीत, तिनं 'पुन्हा' गिळल्याची ती एकच वेळ.

मग जे व्हायचं ते होत गेलं. लंबूनं दोन फॅन बेल्ट नेले, यंत्रात बावीस लागले. कोणी एक नेला, अकरा लागले. मांडणीवर बेल्ट लोंबकळत होते आणि पडद्यावर शिल्लक घसरत चालली होती. काकांना ते दिसत होतं. तीन दाबून ते रोज पाहायचे. पण लिहिलेली शिल्लक दुरुस्त करायचा अधिकार भांडाराला नव्हता, त्यासाठी तिला बोलवावं लागणार, आणि ती विचारणार, कसं झालं? आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता शिल्लक शून्यावर आली. खरेदीच्या लोकांनी पडद्यावर शून्य पाहिलं आणि त्यांचं काम चोख केलं.

बेल्टांनी भरलेला ट्रक फाटकातून आत आला तेव्हा काका खिडकीत उभे होते. मांडण्या भरल्या, खुंट्या भरल्या, मग बेल्ट भांडाराबाहेरच्या बोळात खिळ्यांना टांगले. त्या बोळातून जाताना माणसाला मान वाकवून जावं लागायचं. लंबूला तर जवळजवळ रांगावं लागलं. "एवढे पंखे फिरवले तर आगार उडेल," तो म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले, आणि ते हसू चेहऱ्यावरून कसं उतरवावं ते त्यांना कळेना.

साहेबांनी बोलावलं. साहेबांची खोली लहान होती. टेबलापुढे ती, शेजारी काका, दाराशी फोरमन आणि लंबू, कारण बेल्ट नेणाऱ्यांत तो मुख्य. साहेब ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला एवढंच कळायला हवं," साहेब म्हणाले, "की हे प्रोग्रामनं केलं की माणसानं?"

"मी दोनच नेले, साहेब," लंबू म्हणाला. "बावीस बेल्ट घेऊन मी काय घरी झोपाळा टांगणार?"

"तुला कोणी विचारलं नाही. बाई, तुम्ही सांगा. वरच्या कचेरीत तुमचा प्रोग्राम इतर आगारांनाही द्यायचं चाललंय. हा असा चुकत असेल तर मला आजच कळवावं लागेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे पाय चपलांतून बाहेर आले होते आणि अंगठ्यानं ती फरशीवर काहीतरी रेघोट्या ओढत होती. तिला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती.

"प्रोग्रामची चूक आहे," ती म्हणाली. "संख्या घेतल्यावर मी पडताळून घ्यायला हवी होती. एवढे दिले का, म्हणून पुन्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"का नाही?"

"राहून गेलं."

"एवढं साधं राहून गेलं?"

"हो."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते आता फोन उचलणार असं काकांना वाटलं. समोर फाटकाकडची खिडकी होती आणि तिच्यातून ती खुर्ची दिसत होती, रिकामी. काकांनी पुष्कळ प्रयत्न केला तिच्याकडे न बघण्याचा.

"तिनं विचारलं होतं," काका म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी "काय?" केलं.

"विचारलं होतं तिनं. मी नको म्हटलं. शिल्लक चुकतेय हे मला दिसत होतं, मी बोललो नाही." आणि मग, हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, त्यांनी खरोखरच उजवा हात टेबलावर ठेवला. काचेखाली साहेबांच्या मुलांचे फोटो होते. काचेवर बोटं टकटकटक वाजू लागली. काकांनी दुसरा हात वर ठेवून ती दाबायला पाहिली, तर दोन्ही हलू लागले. "हा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. कोणाला माहीत नाही."

  दाराशी फोरमन खाकरला.

"काका, सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या सदऱ्यावर सांडतो, भाजेल, म्हणून तर चहा अर्धा ओततो."

लंबू छताकडे बघत होता. 

काकांना वाटलं होतं, हात दाखवला की लाज संपेल. ती तर तिथून सुरू झाली. हात थरथरण्याची लाज ती काय, चार दिवसांत अंगवळणी पडली असती. पण इतके महिने ही माणसं केटली तिरपी करताना आपल्यासाठी हात आवरत होती, वर आपले टोमणे खात होती, आणि एकानंही उलटून काही म्हटलं नव्हतं. आपण त्यांना कद्रू म्हणत होतो. 'नाचता येईना' म्हणणारा लंबूसुद्धा, आता आठवलं, बोल्ट खिडकीतून घेताना नेहमी दोन्ही तळहात खाली धरायचा. काकांना वाटायचं, मोठ्या माणसाचा मान ठेवतो.

"मग आता?" साहेबांनी शेवटी विचारलं. काकांना नव्हे, तिला.

"एक ओळ वाढवायची," ती म्हणाली. "संख्या अक्षरांत दाखवायची आणि विचारायचं. दोन की बावीस ते वाचता येतं. आणि हे इतर आगारांनाही हवंच आहे, साहेब. ग्रीसचे अंगठे सगळीकडे असतात."

साहेबांनी चष्मा घातला. काकांच्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "वाढवा," ते म्हणाले. "बेल्टांचं मी बघतो. काका, तुम्ही डॉक्टरकडे जा. भांडाराची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

बोळातून परत जाताना दोघांनाही मान वाकवावी लागली. काकांची आधीच वाकलेली होती. बेल्टांच्या खालून जाताना त्यांना तिला काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "तुला कसं कळलं होतं हाताचं?"

"घरी पाहिलंय," ती म्हणाली.

कोणाचं, हे विचारायला हवं होतं. वडिलांचं? आईचं? आणखी कोणाचं? विचारायला जीभ उचललीच नाही. काकांना वाटलं, आजच्या दिवशी आपण दुसऱ्याचं काही विचारावं एवढी आपली लायकी नाही. मग तो दिवस गेला, आणि नंतर विचारणं विचित्र दिसलं असतं. काही प्रश्न त्या त्या वेळी विचारले नाहीत की कायमचे राहतात. तिथे कोणी पुन्हा विचारा म्हणत नाही.

नवी ओळ आली. लंबूनं दोन बेल्ट नेले की पडद्यावर यायचं, 'फॅन बेल्ट, दोन दिले. बरोबर?' बोट घसरलं की यायचं, 'बावीस दिले. बरोबर?' 'हो'साठी एक बटण, 'नाही'साठी एक. भलतंच काही दाबलं तर ते न ओरडता परत विचारायचं, जसं घरातलं माणूस विचारतं, आणखी वाढू का. खिडकीतून लंबू मोठ्यानं वाचून दाखवायचा, "बरोबर का, काका?" आणि काका म्हणायचे, "बरोबर आहे रे बाबा." पहिले काही दिवस त्यांचे कान गरम व्हायचे. मग व्हायचे थांबले. चहा मात्र ते खाली मान घालून प्यायचे. फोरमनला कपाबद्दल एकदा तरी 'मला माफ कर' म्हणावं असं त्यांना रोज वाटायचं आणि रोज ते म्हणायचे, "साखर बरी आहे आज."

ती आठवड्यातून एकदा भांडारात यायची. स्टूल तिथेच राहिलं होतं. चपला काढायची, काहीतरी चुकीचं दाबून बघायची, समाधान झालं की उठायची. एक खोड काकांची तिनं कधी खपवून घेतली नाही. सुट्टी झाली की ते चार दाबून प्रोग्रामच्या बाहेर न पडता सरळ पडदा बंद करायचे आणि किल्ली उचलायचे. आत प्रोग्राम रात्रभर पर्याय द्या, पर्याय द्या करत अंधारात लुकलुकत बसायचा. "त्याला सांगून तरी जावं, काका," ती म्हणायची. त्या बोलण्यात रागापेक्षा वेगळं काही होतं का, हे काकांना तेव्हाही कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही.

तिची बदली वरच्या कचेरीत झाली. निरोपाचं वगैरे काही झालं नाही, तिलाच नको होतं म्हणे. जायच्या दिवशी ती आत आली नाही, बाहेरूनच, मेकॅनिक उभे राहतात तिथे, खिडकीशी उभी राहिली. गजांपलीकडून तिला बघायची काकांना सवय नव्हती. हातात पाण्याची बाटली होती आणि खांद्याला पिशवी. चेहरा थोडा उतरलेला वाटला, पण उन्हातून आली असेल असं काकांनी स्वतःला सांगितलं. किती बोलायचं होतं. त्या साहेबांच्या खोलीतलं 'राहून गेलं' त्यांच्या छातीत अजून तसंच अडकून होतं. तिचं घर कुठे, घरी कोण, कोणाचा हात थरथरायचा, निदान नाव तरी नीट विचारून ठेवावं. मागे दोन मेकॅनिक येऊन उभे राहिले. काकांनी घसा साफ केला.

"निघालीस?"

"निघाले. काका, संध्याकाळी चार दाबून बाहेर पडा हं. नुसता पडदा बंद करू नका."

"दाबतो गं. तू जा, तुझी बस चुकेल."